वहिनीच्या दातांचे टक्के

वहिनीचा उजवा पंजा लाँड्रीच्या रोलरमध्ये गेला आणि त्यानंतर ती दातांवर जगली.

अक्षरशः दातांवर. दुधाची पिशवी उजव्या बगलेत दाबून धरायची आणि तिचा कोपरा दातांनी तोडायचा. डाव्या बाहीचं बटण लावायला दुसरा हात नाही, म्हणून मान वाकडी करून ते दातांनी काजात सारायचं. गाठ मारायची तर दोरीचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. बाजारातून आल्यावर कुलूप उघडेपर्यंत पिशवीचे बंद दातात धरायचे आणि त्या वेळी जिन्यात कोणी भेटलं, तर नुसती मान हलवायची. शेजाऱ्यांना वाटायचं, बाई शिष्ट आहे. तोंडात दोन किलो बटाटे लटकत असताना माणूस काय बोलणार?

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या. ओल्या चादरीची कड दोन्ही हातांनी ताणून तापलेल्या रोलरखाली सरकवायची, हे वहिनीचं काम. रोलरच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीमुळे चादरी सावकाश जातात, असं मालकाचं म्हणणं पडलं आणि एका सोमवारी जाळी निघाली. पुढच्याच आठवड्यात वहिनीचा हात गेला. मालक दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, जरा लक्ष द्यायला हवं होतंत." चौकशीला माणसं आली तेव्हा जाळी जागच्या जागी बसवलेली होती. घासूनपुसून, नव्यासारखी.

वहिनीच्या रागाची सुरुवात तिथली.

तिला साठ टक्के अपंगत्वाची पेन्शन लागली. नवरा त्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि तिची धाकटी ननंद. ननंद शाळेच्या ग्रंथालयात शिपाई होती, आता निवृत्त. लग्न तिने केलं नाही, का केलं नाही हे कोणी विचारलं की म्हणायची, "मला वहिनी मिळाली, ती पुरे." ननंदेला भांडता यायचं नाही. रांगेत कोणी पुढे घुसलं तर ही उलट त्याला जागा करून द्यायची. ती सगळ्यांसमोर वहिनी वहिनी करायची, म्हणून सगळी इमारत तिला वहिनी म्हणू लागली. दुकानदार, वीजवाला, खालच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा.

पेन्शनवाल्यांची एक पद्धत होती. दर काही वर्षांनी डॉक्टरांच्या बोर्डापुढे जाऊन आपण अजून अपंग आहोत, हे दाखवून यायचं. "मधल्या काळात पंजा उगवला की काय, ते बघतात," वहिनी म्हणायची. पहिल्याच फेरतपासणीत तिने घोळ घातला. टेबलामागे तीन डॉक्टर. त्यातल्या एकाने अगदी गोड आवाजात विचारलं, "घरातली कामं कशी जमतात हो तुम्हाला?"

आता वहिनीला कोणी कधी असं विचारलेलं नव्हतं. वर्षभर रडत, ओठ फोडून घेत ती एकेक गोष्ट शिकली होती आणि त्याचं कौतुक करायला घरात एकटी ननंद. तिने जागच्या जागी स्वेटर काढला, परत घातला, डाव्या बाहीचं बटण दातांनी लावलं, बुटाची नाडी दातात धरून बांधून दाखवली. तिन्ही डॉक्टर खूश झाले. एकाने तर टाळ्या वाजवल्या. वहिनी घरी येऊन ननंदेला म्हणाली, "वन्सं, आज साहेबांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी!"

महिन्याभराने कळलं, साठ टक्क्यांचे चाळीस झाले. कारण विचारायला गेल्यावर खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "तुम्ही सगळी कामं स्वतंत्रपणे करता, असं बोर्डाचं मत आहे." पेन्शनही त्या मापाने खाली आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानंतरच्या तपासण्यांना वहिनी काही बोलली नाही, पण चाळीसचे काही साठ झाले नाहीत.

दात म्हणजे काही लोखंड नव्हे. वर्षानुवर्षं दोऱ्या ओढून, झाकणं फिरवून, पाकिटं फाडून वहिनीचे पुढचे दात आधी झिजले, मग हलायला लागले. दाढा एकेक करून गेल्या. एके सकाळी गोळ्यांचं पाकीट दाताने ओढताना पुढचा वरचा दात मुळाशी तुटला आणि गोळीबरोबर हातात आला. त्याच्या शेजारच्याने पू धरला. गाल असा सुजला की एक डोळा मिटला.

ननंद म्हणाली, "वहिनी, कोपऱ्यावर तो नवा दवाखाना झालाय ना, तिथे जाऊन येऊ."

कोपऱ्यावरच्या दवाखान्याला काचेचं दार होतं आणि आत काचेच्या पेटीत मासे. तरुण डॉक्टरने तोंडात आरसा घालून पाहिलं, हातमोजे काढले आणि ननंदेकडे वळून बोलायला लागला. "यांनी दात फारच वाईट वापरलेत. झाकणं वगैरे दाताने उघडायची नसतात, हे यांना समजावून सांगा."

"मला सांगा," वहिनी म्हणाली. "हात नाहीये, कान आहेत."

डॉक्टर थोडा ओशाळला. "बरं, आजी. दाताने झाकणं उघडू नयेत."

"मग कशाने उघडू? तुम्ही येता का रोज सकाळी?"

त्याने हसण्यावारी नेलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. हाडात स्क्रू बसवायचे, त्यावर दात. अगदी खऱ्यासारखे. आकडा ऐकून ननंदेने खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात दोघींचं वर्षभराचं घरभाडं निघालं असतं आणि वर दिव्याचं बिलही. "हप्ते करून देतो ना," डॉक्टर म्हणाला.

"हप्ते फिटेपर्यंत मी टिकेन, याचीही हमी देता का?" वहिनी म्हणाली आणि उठली. बाहेर टेबलाशी बसलेल्या मुलीने तपासणीची फी मागितली. तोंड उघडून दाखवल्याचे पैसे देऊन दोघी घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी ननंदेला घेऊन पेन्शन कचेरीत गेली. पेन्शनरांच्या औषधपाण्यासाठी काहीतरी योजना असते, एवढं तिला ऐकून माहीत होतं. योजना होती. डोळ्यांसाठी होती, गुडघ्यांसाठी होती. खिडकीतल्या माणसाने यादीवरून बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि मान हलवली. "दात यात येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"दातांचं काम सौंदर्यात धरतात, बाई."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुजलेला गाल, मिटलेला डोळा, तोंडाला येणारा वास, असं सगळं सौंदर्य तिने खिडकीच्या जाळीला टेकवलं. "नीट बघून घ्या. मी काय लग्नाला उभी आहे?"

तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "हातासाठी मागणी करा ना. नवीन कृत्रिम हात मिळेल तुम्हाला. पूर्ण फुकट. याच महिन्यात."

कृत्रिम हात वहिनीकडे होता. कातडीच्या रंगाचा, मेणासारखा, बोटं कायमची अर्धवट मुडपलेली. त्यात चमचासुद्धा राहायचा नाही. तो कपाटावर पडलेला असे आणि ननंद विणायला बसली की त्याच्या बोटांना लोकर अडकवायची.

"म्हणजे जो हात चालत नाही तो फुकट," वहिनी म्हणाली, "आणि जे दात चालतील ते विकत. कोणी बसवलंय हे गणित? त्याला बोलवा इकडे."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बाई, आटपा लवकर!" वहिनीने त्यालाही सुनावलं. ननंद तिच्या कोपराला धरून बाहेर घेऊन आली आणि वाटेत सगळ्यांची माफी मागत आली. जिन्यावर वहिनी तिच्यावर खेकसली, "माफी कसली मागताय, वन्सं? आपण काय चोरलं?"

मग राहिला सरकारी दवाखाना. तिथे दातांचा विभाग तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी होता. ओल्या चादरींचा वास नाकात गेला तशी वहिनी दारातच थबकली; उजवं मनगट आपोआप पोटाशी गेलं. आत एकच खुर्ची आणि एकच डॉक्टरीण. तरुण होती, डोळ्यांखाली काळं. तिने नीट पाहिलं, हाताचंही विचारलं, आणि सरळ सांगितलं, "मावशी, वरचे पाच आणि खालचे तीन काढावे लागतील. पू हाडापर्यंत जायला लागलाय."

"काढल्यावर?"

"जखमा भरायच्या. मग कवळी."

"ती कधी देणार?"

डॉक्टरीण म्हणाली, "इथे कवळी करत नाहीत. आधी करायचे. कवळी बनवणारे कारागीर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही. भट्टी आहे, साचे आहेत, सगळं आहे. माणूस नाही. बाहेरून करून घ्यावी लागेल."

"बाहेर म्हणजे माशांच्या पेटीवाल्याकडे."

"कुठे?"

"काही नाही." वहिनी खुर्चीतून उतरली. "काढायला फुकट आणि लावायला पैसे. घर पाडायला माणसं पाठवता, बांधायला कोणी नाही. राहू देत माझे दात. सडके आहेत, पण माझे आहेत."

"मावशी, असं करू नका. अंगात विष भिनेल," डॉक्टरीण मागून सांगत होती. वहिनीने ऐकलं नाही. रागात माणूस कधी कधी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, तसं झालं. आठवडा गेला आणि तिला थंडी वाजून ताप चढला. गळ्याखाली एवढी सूज की पाणी गिळवेना. ननंदेने, जिने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता तिने, खिडकीतून रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याला अशी हाक मारली की चार खिडक्या उघडल्या.

दवाखान्यात सुया, सलाइन झालं आणि सूज उतरल्यावर त्याच डॉक्टरीणबाईने दात काढले. आठ म्हणाली होती, दहा निघाले. घरी आली तेव्हा वहिनीच्या तोंडात खालचे दोन बाजूचे तेवढे उरले होते, एकमेकांना कधीही न भेटणारे.

आता दुधाची पिशवी फुटेना. कात्री चालवायची तर पिशवी धरायला हात नाही. बगलेत धरली तर कात्री बाहीला लागायची. बटण लागेना. नाडी बांधता येईना. हिरड्यांत दोरी धरून पाहिली, रक्त आलं. अनोळखी माणसाशी बोलताना ती तोंडावर हात धरायला लागली आणि शब्द असे निसटायचे की दुकानदार "काय? काय म्हणालात?" करायचा. दुधात भिजवलेला पाव आणि मऊ भात. रोलरने हात नेला होता तेव्हा ती चाळिशीची होती, पुन्हा शिकली. आता साठी ओलांडल्यावर काय शिकायचं आणि कशाने?

सकाळी ननंद बटणं लावायला यायची. एकदा बटण लावता लावता तिने सहज म्हटलं, "वहिनी, आता हे रोज मीच करत जाईन. त्यात काय!"

वहिनीने हात झटकला. बटण तुटून पलंगाखाली गेलं. "त्यात काय? सगळं तुमच्या हातात देऊन बसू मी? आज बटण, उद्या आंघोळ! तुम्ही पण त्या मालकासारख्याच. सफरचंद घेऊन या एखादं!"

ननंद खाली बसून पलंगाखालचं बटण शोधायला लागली. तिची म्हातारी पाठ तशी वाकलेली बघून वहिनीला स्वतःचीच चीड आली, पण ती चीडही रागासारखीच बाहेर पडली. "उठा तिथून! उठा म्हणते ना!"

ननंद तशीच गुडघ्यांवर बसून म्हणाली, "ज्यांच्यावर ओरडायचं त्यांच्यावर ओरड ना. मी काय केलंय? मी तुझे वीस टक्के कापले का?"

वहिनी पलंगावर टेकली. मग म्हणाली, "वन्सं, परत बोला."

"काय?"

"शेवटचं. टक्क्यांचं."

ननंदेला वाटलं, आता आणखी बोलणी बसणार. पण वहिनी पलंगावर बसली होती आणि डाव्या हाताने गुडघ्यावर थाप मारत होती. टक्के कापले ते कशामुळे? दातांमुळे. ती कामं हाताने करत नव्हती, दातांनी करत होती, आणि बोर्डाने ते दात हाताच्या हिशेबात धरले. पैसे कापायच्या वेळी दात म्हणजे हात. दुरुस्त करायच्या वेळी दात म्हणजे सौंदर्य.

पुढचे सहा आठवडे वहिनी रोज पेन्शन कचेरीत जाऊन बसली. पुढची तपासणी दोन वर्षांनी होती. आधी घेता येत नाही म्हणाले. ती बसली. साहेब रजेवर आहेत म्हणाले. ती बसली. ननंद शेजारी विणत बसायची. खिडकीतल्या माणसाने हळूच सांगितलं, "प्रकृतीत मोठा बदल झाला तर आधी बोलावतात." वहिनीने त्याच्यासमोर तोंड उघडलं. "हा बदल मोठा वाटतो का बघा." आठवडाभराने बोर्डाने बोलावलं.

टेबल तेच, डॉक्टर वेगळे. मधले साहेब समोरचे कागद बघत म्हणाले, "हाताच्या स्थितीत काही बदल दिसत नाही."

"हात गेला तो गेला. दात गेले आता."

"दातांचा विषय या बोर्डाचा नाही, बाई. आम्ही हात तपासतो."

"मग मागे तुम्ही काय तपासलंत? मी दातांनी बटण लावलं, तुमच्यातल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि वीस टक्के कापलेत. तेव्हा माझं तोंड तुमच्या बोर्डात होतं. आज बाहेर कसं गेलं?" तिचे स आणि च घरंगळत होते, थुंकी उडत होती, तिने तोंडावर हात धरला नाही. "एक तर दात द्या, नाहीतर टक्के द्या. दोन्ही ठेवून घेता येणार नाहीत."

डावीकडचे डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. आता तुम्हाला काय काय जमतं, ते जरा करून दाखवता का?"

वहिनीने स्वेटर काढला. ननंद दाराशी उभी होती. तिला वाटलं, झालं, हिने पुन्हा तेच केलं. पण वहिनीने तो स्वेटर टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवला. "एकदा करून दाखवलं, त्याची किंमत इतकी वर्षं भरली. मी सर्कशीतली नाही. तुम्हाला बघायचंय ना? घाला. उजवा हात पाठीमागे आणि तोंड बंद. लावा बटण."

स्वेटरला कोणी हात लावला नाही. साहेबांनी घसा साफ केला, बाहेर थांबायला सांगितलं.

साठ टक्के परत मिळाले. त्या महिन्यापासून. मधल्या इतक्या वर्षांचं काही मिळणार नाही, आणि दात योजनेत येत नाहीत ते नाहीतच. खिडकीतला माणूस म्हणाला, "जिंकलात की, वहिनी! पेढे नको, पण हसा तरी." वहिनी म्हणाली, "कशाने हसू?"

वाढलेल्या पैशांतून ती सहा महिने थोडं थोडं बाजूला टाकत राहिली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, दातांच्या कॉलेजात शिकाऊ डॉक्टर नुसत्या मालाच्या खर्चात कवळी करून देतात. खेटे पुष्कळ घालावे लागतात, एवढंच. वहिनीने खेटे घातले. चिकट गुलाबी लगद्याची मापं, मेणाचे साचे, "जरा चावा, मावशी, आता उघडा." मधे परीक्षा आल्या आणि महिनाभर कोणी फिरकलं नाही. तेव्हा तिने कॉलेजच्या दारात उभं राहून जे तोंड सोडलं, ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं म्हणतात.

शेवटी कवळी आली. पांढरीशुभ्र, एकसारखी. शिकाऊ मुलीने बसवली, आरसा दिला. ननंद रडायला लागली. वहिनीने "सकाळ, चादर, साठ" असे शब्द म्हणून पाहिले. सगळे जागेवर.

"आता फक्त एक लक्षात ठेवा," मुलगी म्हणाली. "हिने जेवायचं, बोलायचं. दोरी ओढायची नाही, पाकीट फाडायचं नाही. ओढलंत की निसटेल, नाहीतर तुटेल."

वहिनी आरशातल्या त्या दातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खरंच सौंदर्यच निघालं."

मुलीला कळलं नाही. ननंदेला कळलं आणि तिने नजर फिरवली.

आता वहिनी नीट बोलते आणि पाव दुधात न भिजवता खाते. बटणं ननंदच लावते. त्या वेळी वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि लाँड्रीच्या मालकापासून बोर्डापर्यंत एकेकाचा उद्धार करते. ननंद "हं, हं" म्हणत खालून वर बटणं लावत जाते. बोर्डाच्या तपासणीचा वार असला की वहिनी मुद्दाम तिथल्या बाकावर जाऊन बसते आणि पहिल्यांदाच आलेल्या माणसांना सांगते, "आत गेल्यावर शूरपणा दाखवायचा नाही. कोणी टाळ्या वाजवल्या की समजा, पैसे गेले." शिपायाने तिला दोनदा बाहेर काढलं. ती तिसऱ्यांदा आली.

आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी जाते. स्वतःसाठी तिला आता तिथे काही नको. पण बाहेरच्या बाकांवर गाल धरून बसलेली माणसं असतात, ज्यांचे आज काढतील आणि उद्या लावणार नाहीत.

"कवळी करणारा माणूस आला का?" ती मोठ्याने विचारते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही आला, वहिनी. वर कळवलंय."

"वर म्हणजे कुठे? नाव सांगा, पत्ता सांगा. मी जाते."

खिडकीतला कारकून पुढच्या माणसाला बोलावतो. वहिनी हलत नाही. बाकावरची एक बाई रुमालाआडून विचारते, "म्हणजे काय, इथे लावून देत नाहीत?"

"नाही देत," वहिनी म्हणते. "या, अशा पुढे या. तुम्ही पण विचारा."